नागपुरात झॉम्बीला पन्हं पाजतात

पुण्याहून गाडी सुटली तेव्हा समोरच्या बाकावरच्या काकांनी विचारलं, "मे महिन्यात नागपूरला? लग्न आहे का कुणाचं?"

"नाही, मेलेल्या माणसांचं काम आहे," मी म्हणाले.

काकांनी पाय वर घेतले ते दौंड येईपर्यंत खाली सोडले नाहीत. शेवटी मलाच दया आली आणि मी खरं काय ते सांगितलं. मी पोरांसाठी कादंबरी लिहिते आहे. आठवी-नववी-दहावीतल्या. त्यात झॉम्बी आहेत, म्हणजे मरून पुन्हा उठलेली, चावत हिंडणारी माणसं. साथ नागपुरातून सुरू होते, कारण नकाशात नागपूर मधोमध आहे आणि मधून सुटलेली साथ चारी दिशांना सारखी पोचते. फक्त नागपूर मी पाहिलेलं नाही.

"मग लिहिलं कसं?" काका म्हणाले.

"कल्पनेनं."

"अस्सं," म्हणून काका झोपले.

इथं एक गोष्ट सांगून टाकते. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली. मराठीत बी.ए. केलंय, फर्स्ट क्लास आहे, आणि हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगते. आमची माण तालुक्यात पिठाची गिरणी आहे. दळण घेऊन येईल त्याला आमचे आबा पिठाबरोबर "लेकीचं पुस्तक येतंय" हेही देतात. पुस्तक मात्र अजून येत नव्हतं. पुण्याचे संपादक म्हणाले होते, "भाषा चांगली आहे, पण भीती वाटत नाही. मुलांना भीती वाटली तर घेऊ. महिनाअखेरपर्यंत बघा." म्हणजे पंधरा-वीस दिवसांत पोरांना घाबरवायचं, नाहीतर गावभर तोंड लपवत फिरायचं. म्हणून मी भीती आणायला निघाले होते.

सकाळी वर्ध्याच्या पुढं खिडकीतून काळी, भेगाळलेली रानं दिसायला लागली. एवढ्या सकाळी खिडकीची दांडी हाताला चटका देत होती. मला वाटलं, जागा बरोबर निवडली आपण.

कॉलेजच्या वसतिगृहातली माझी मैत्रीण सुषमा नागपूरच्या कडेला, हुडकेश्वरला राहते. तिकडं अजून नवी घरं उठतायत. एका प्लॉटवर बंगला, शेजारच्यावर बाभळी. उतरल्या उतरल्या तिच्या आईनं सांबारवडी समोर ठेवली. सांबार म्हणजे इथली कोथिंबीर. बेसनाच्या पोळीत ती ठासून भरायची आणि तळायची. मी चार खाल्ल्या आणि पाचवीला नको म्हणाले, ते कुणी ऐकलं नाही.

सुषमाची धाकटी बहीण रुची दहावीत गेली आहे. माझा वाचक नेमका एवढाच. मी तिला हस्तलिखित दिलं. ती कूलरसमोर पालथी पडून वाचायला लागली आणि मी तिच्या चेहऱ्याकडे बघत बसले. थोड्या वेळानं तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, घाबरून.

"ताई," ती हसू दाबत म्हणाली, "हे झॉम्बी मे महिन्यात भर दुपारी गांधीबागेत कायले (कशाला) आले?"

"गर्दीत घुसून लोकांना चावायला."

"कोणती गर्दी? दुपारी तिथं कुत्रं बी सावली सोडत नाही. चावतीन कोणाले?"

"तू पुढं वाच."

"वाचून राहिली न. लय मजा येऊन राहिली."

मजा. मला ती रात्रभर टोचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रुचीलाच घेऊन गांधीबागेत गेले. कापडाची ठोक बाजारपेठ. गाठोडी पाठीवर घेतलेले हमाल, एकमेकांत अडकलेल्या हातगाड्या, आणि गादीवर मांडी घालून बसलेले व्यापारी. एका दुकानात मी ताग्यांच्या थप्पीमागं डोकावले.

"साडी दाखवू का ताई?" व्यापारी म्हणाले.

"नको, लपायला जागा बघते. झॉम्बी आले तर."

"झॉम्बी? नवी पार्टी दिसते," ते म्हणाले. " रायपूरची काय?"

मी हो म्हणाले. चहा आला. रायपूरच्या झॉम्बींना सुती माल लागतो की सिंथेटिक, यावर त्यांच्याशी बरंच बोलणं झालं.

तिथून महाल या जुन्या वस्तीत आलो तोवर ऊन चांगलंच तापलं होतं. अरुंद बोळ, दोन्ही बाजूंना लहान दुकानं, मधून दुचाक्या. माझ्या नवव्या प्रकरणात झॉम्बींची टोळी याच बोळातून जाते. रुचीचं म्हणणं, असं तंगडं ओढत, हात पुढं करून कुणाला इथं वळताच येणार नाही.

"मी चालून दाखवते," मी म्हणाले. "तू मोबाइलवर घे."

डोक्याचा दुपट्टा सोडला, केस मोकळे केले. हात पुढं, मान तिरकी, तोंड उघडं, डावा पाय फरफटत. घशातून आवाजही काढला. खोटं कशाला बोलू, छान जमलं होतं. आता किंकाळ्या येतील म्हणून कान टवकारले.

"अगं बाई, हिले लू (उन्हाची झळ) लागली," बांगड्यांच्या दुकानातून एक मावशी म्हणाली. "धर गा तिले."

स्कूटरवरच्या माणसानं गाडी मध्येच लावली आणि माझा पुढं केलेला हातच धरला. दुसऱ्यानं दुसरा. मला दुकानात नेऊन बसवलं. कुणी कूलरचं तोंड माझ्याकडं वळवलं, कुणी कांदा बुक्कीनं फोडून तळपायाला घासायला लागलं. मावशीनं कैरीच्या पन्ह्याचा गिलास तोंडाला लावला.

"मावशी, नाटक करून राहिली ती," रुची म्हणाली.

"तू बी बडबडून राहिली काय? हिच्या बी पायाले लाव गा कांदा."

रुचीलाही लावला.

"अहो, मी बरी आहे," मी म्हणाले. "मी बी.ए. आहे."

"असशीन बापा. आधी हे पे. घोट घोट पे, गटगट नको."

पन्हं फार चांगलं होतं. पण मी आतून पार खचले. हात पुढं, तोंड उघडं, घशात घुरघुर, आणि अख्ख्या बोळात एक माणूस पळाला नाही. उलट सगळे माझ्याकडंच धावले. या शहरात झॉम्बी आला तर त्याला चावायची सवडच मिळणार नव्हती. माझ्या कादंबरीची तीनशे पानं त्या कूलरसमोर वारली.

संध्याकाळी आबांचा फोन आला. "सरपंच विचारत होते, पुस्तक कुठवर आलं?"

"छपाईच्या जवळ," मी म्हणाले आणि फोन ठेवून रागानं लिहायला बसले. घडलं तसंच लिहिलं. नागपुरात मेलेली माणसं उठतात आणि लोकांना वाटतं, लू लागली. धरधरून त्यांना बसवतात. कूलरची हवा लागली, पन्हं पोटात गेलं की झॉम्बी शांत होतात, मान डोलवतात. घराघरात, मंगल कार्यालयांत, शाळांच्या वर्गांत रांगेनं कूलर आणि समोर झॉम्बी. मावशी त्यांच्या तळपायांना कांदा लावतायत.

दोन दिवसांनी ते रुचीला दिलं. ती पुन्हा कूलरसमोर पालथी. पहिल्या पानापासून हसत होती. मी आता काही आशा धरली नव्हती. सुटकेस भरत होते.

मग हसण्याचा आवाज थांबला. बघितलं तर ती उठून बसली होती.

"ताई," ती म्हणाली, "अन् लाईट गेली तर?"

मी हातातला कुर्ता तसाच धरून उभी राहिले. घराघरात ते बसलेले. आजीशेजारी, पाळण्याशेजारी. लोकांनी स्वतःच्या हातानं आत आणून बसवलेले. आम्ही दोघी कूलरकडं बघायला लागलो. तो फडफडत होता.

"काय झालं वं?" सुषमानं स्वयंपाकघरातून विचारलं. "काहून चूप झाल्या दोघी?"

रुची सरकत सरकत माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "हे खरंच भेव (भीती) वाटून राहिलं."

परतीच्या गाडीत मी शेवटचं प्रकरण लिहिलं. हात दुखत होता, अक्षर गाडीबरोबर उडत होतं. जाताना मला वाटायचं, भीती घालायची तर माणसं पळपुटी, एकमेकांना ढकलणारी दाखवायला हवीत. महालातल्या मावशीला तसं दाखवणं मला जमलं नसतं. तिथं माणसं चांगली आहेत आणि त्यांचं चांगुलपण एका बटणावर चालतंय, एवढंच लिहिलं. ते लिहिताना पहिल्यांदा माझ्याच अंगावर काटा आला.

संपादकांचा फोन आला तेव्हा मी गिरणीत होते. "घेतोय," ते म्हणाले. "पण शेवटी लाईट परत येते की नाही, ते तुम्ही लिहिलंच नाही."

"मुद्दाम."

"काल वाचून झाल्यावर मी मेणबत्त्या आणून ठेवल्या," ते म्हणाले.

मी गिरणीचं बटण बंद करून आबांना सांगितलं. दळणाच्या रांगेतली सगळी माणसं एकदम माझ्याकडं बघायला लागली. आबा म्हणाले, "मी सांगतच होतो," आणि गिरणी पुन्हा चालू केली.