कच्च्या चहाचा शेजार

सुकट भाजायला घेतली की मला वागळे इस्टेटमधली ती दुपार आठवते. आमच्या कारखान्यात मला नवं मशीन शिकवायला आलेल्या चिनी इंजिनिअरने निघताना दाबून वाळवलेल्या चहाच्या गोवरीएवढ्या दोन चकत्या, एक आंबवलेल्या पानांची, एक कच्च्या, पुढे ठेवल्या, यातली एक तुमची म्हणाला, आणि दोन्हींचा चहा बिनदुधाचा करून पाजला. आंबवलेल्याला ओल्या गोणपाटाचा वास होता, पण घशाखाली तो अलगद उतरला. कच्चा आधी कडूजहर लागला, मग आवळा खाऊन पाणी प्यावं तसा गोड. त्याने मोबाइलवर भाषांतर करून दाखवलं: आंबवलेला आजच प्या, कच्चा पाच वर्षं मुरवा, हवेशीर जागी, पण वासांपासून लांब. "अगं, आंबवलेला घे, पाच वर्षं कोण थांबतंय?" आमचे साहेब म्हणाले. "साहेब, आमच्या बाळकुमच्या घरात मिठातली चिंच दहा-दहा वर्षं मुरते. मुरवायचं मला नका शिकवू," म्हणत मी कच्चा उचलला आणि घरी हवेशीर जागा म्हणून माळ्यावर, सुकटीच्या टोपलीशेजारी ठेवला. परवा पाच वर्षं भरली. पहिल्याच घोटाला सुकटीची चव लागली. नवरा पोट धरून हसला. मी मात्र अख्खा कप संपवला. निवड माझी बरोबरच होती, शेजार चुकला.