टाकीवरचा नीलकंठ

टाकीवाले काका मोटरसायकलच्या पेट्रोलच्या टाकीवर चित्र काढायचे ते सीटवर बसून, ओणवे होऊन. पुलगावातले बाकीचे पेंटर बाजूला स्टूल घेऊन बसत. काका म्हणायचे, "रस्त्यावरच्याले एकदा दिसते. चालवनाऱ्याले रोज दिसते. मंग कोनासाठी काढू?"

नव्वदच्या दशकात माझ्या वडिलांच्या गाडीवर त्यांनी नीलकंठ काढला. बाजूने पाहिला तर पक्षी लांबट, बेढब. सीटवर बसलं की टाकीचा फुगवटा त्याच्या छातीत बसायचा आणि तो नीट दिसायचा. गाडी देण्याआधी काकांनी सीटवरूनच त्याचा फोटो काढून घेतला. असे फोटो ते एका पाकिटात जपत. पुढे वडिलांनी गाडी विकली.

काकांचा हात थरथरायला लागला आणि ब्रश सुटला. त्याच सुमारास मी माझ्या फोटो स्टुडिओत कपावर फोटो छापायचं मशीन घेतलं. छापलेला कागद कपाभोवती ताणून चिकटवायचा, मशीनमध्ये तापवायचा, की रंग कपावर उतरतो. गोल वस्तूवर चित्र कसं बसतं हे काकांना ठाऊक होतं, म्हणून मी त्यांना या कामावर ठेवलं. दया वगैरे नव्हती.

फोटो कपाच्या एकाच बाजूला. काका प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारत, "कोनत्या हातानं चहा पेता?" उजव्या हातात कप धरला की पिणाऱ्याला एक बाजू दिसते, डाव्या हातात दुसरी. एकजण वैतागला, "काका, कप घ्याले आलो, सोयरीक जुळवाले नाई!"

"बायकोचा फोटो हाये ना? तुले पाहाचा का शेजाऱ्याले दाखवाचा?"

दुकानभर हसू. त्याने उजवा हात वर केला.

पण कागदाला सुरकुती पडली की कपावर पांढरी रेघ राहते. काकांच्या कपांवर अशा रेघा वाढल्या. एका लग्नाच्या ऑर्डरीतले सात कप मी बाजूला काढले आणि काकांना स्पष्ट सांगितलं, "काका, उद्यापासून मशीनवर दुसरं कोणी बसेल."

ब्रश गेल्यावर त्यांच्याजवळ एवढंच काम उरलं होतं, हे मला माहीत होतं. तरी मी शब्द मागे घेतला नाही.

"एक कप करू दे, ताई. मंग नाई येत."

पाकिटातला एक फोटो त्यांनी माझ्याकडून कागदावर छापून घेतला. कागद तीनदा चिकटवला, दोनदा सोडवला. मी मदतीला हात पुढे केला तर म्हणाले, "राहू दे." कप निवल्यावर त्यांनी माझ्यासमोर ठेवला आणि चपला घालून निघाले.

मी कप उचलला. नीलकंठ सरळ माझ्याकडे पाहत होता. पंखातून एक पांढरी रेघ गेली होती. मी डावखुरी आहे. मला त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

गिऱ्हाइकाला असा कप मी दिला नसता. मी मात्र अजून त्यातच चहा घेते. घरात बाकी सगळे उजव्या हाताचे. त्यांच्या बाजूने तो कप कोरा आहे, म्हणून कोणी मागत नाही.