हुलग्याचं पाणी

हुलगे शिजल्याचा वास आला की नांदेडच्या दवाखान्यातली ती खोली आठवते. उपचार लेकरू व्हावं म्हणून चालू होते, पण कळमनुरीला घरी आम्ही मुतखडा काढायचा म्हणून सांगितलं होतं. बीजं वाढवायच्या इंजेक्शनांनी माझं पोट तटतटलेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सूज आहे, आत्ता गर्भ टिकणं अवघड. लॅबमध्ये तयार झालेला गर्भ गोठवून ठेवू, दोन महिन्यांनी पिशवीत सोडू. आत्ताच सोडायचा असेल तर तुम्ही ठरवा." नवरा खाली बघत पुटपुटला, "फिरून काय सांगून यावं? खडा तर एकदाच निघतो." मी म्हणाले, "आत्ताच सोडा." तो गर्भ राहिला नाही. सासूबाई अजून रोज सकाळी हुलग्याचं पाणी आणतात. "घे माय, परत खडा व्हायला नको." त्या समोर उभ्या असतात. मी सगळं पिते.