अर्धे पेशंट कुठे गेले

निवृत्तीच्या आधीच्या वर्षातली ही केस आठवली की आजही मला सुटल्यासारखं वाटतं.

डोंबिवलीच्या एका पोलीस ठाण्यात मी निरीक्षक होतो. सकाळची हजेरी संपत होती, तोच एका पॅथॉलॉजी लॅबचे मालक तक्रार घेऊन आले. रक्ताचे रिपोर्ट बघायला पेशंट त्यांची वेबसाइट उघडायचे, पण आठवडाभर त्यातल्या निम्म्या लोकांना ठाणे शहरातल्या दुसऱ्याच लॅबचं पान दिसत होतं. आधी मोबाइल धोक्याची सूचना दाखवायचा, पण ती वाचतो कोण? लोक ‘पुढे जा’ दाबून मोकळे व्हायचे आणि तिथेच नाव-नंबर टाकायचे. मालकांचा संशय पक्का होता. ही सगळी व्यवस्था लावणाऱ्या मुलीने नुकताच राजीनामा दिला होता आणि जाता जाता तिनेच पेशंट वळवले, असं त्यांचं म्हणणं. तिला आजच आत घ्या म्हणून ते हटून बसले.

दुपारी त्यांचाच फोन आला, मुलगी गावाला पळतेय. आमची महिला हवालदार गाडी घेऊन कल्याणजवळ मोहन्याला गेली. मुलगी खरंच बॅग भरून निघालेली, पण चुलत बहिणीच्या लग्नाला. दोन्ही हातांवर मेंदी होती. पळून जाणारी माणसं मेंदी काढत बसत नाहीत, एवढं नोकरीने मला शिकवलं होतं. तरी जबाब घेणं भाग होतं. तिचे वडील, रेयॉन कारखान्यातले जुने कामगार, सोबत आले आणि बाहेर बसून राहिले. पोरीला नवी नोकरी लागली होती, आणि पोलीस केस झाली तर ती गेलीच, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

मी नेहमीप्रमाणे आधी दरडावून पाहिलं. ती घाबरली होती, पण बधली नाही.

“साहेब, मला वळवायचेच असते तर सगळे वळवले असते. निम्मे कशाला सोडू?”

मग म्हटलं, बाई, आता मला कळेल असं सांग. तिने सांगितलं. लॅबची वेबसाइट दोन कंपन्यांच्या भाड्याच्या सर्व्हरवर होती, एक कंपनी बंगळुरूची, एक ठाण्याची. डीएनएस म्हणजे इंटरनेटवर नावावरून पत्ता सांगणारी यंत्रणा. ती काही लोकांना एका पत्त्यावर पाठवायची, काहींना दुसऱ्यावर, म्हणजे गर्दी वाटली जायची. दोन्हीकडे सतत विचारणा चालू असायची. एकाकडून उत्तर आलं नाही की सगळे आपोआप दुसऱ्याकडे.

म्हणजे नेमकं विचारता काय, असं मी म्हटलं.

“फक्त चालू आहे का, एवढंच. कोण आहे ते नाही विचारत. तेवढं मी कच्चं ठेवलेलं, साहेब.”

इथे माझी ट्यूब पेटली. आमचे शिपाई दिवा स्टेशनजवळच्या चाळींत समन्स बजावायला जायचे. तिथे भाडेकरू सारखे बदलतात. दार वाजवलं, आतून आवाज आला, की नवखा शिपाई कागद देऊन परत. ज्याच्या नावाचं समन्स, तो कधीच खोली सोडून गेलेला. मी तिला विचारलं, तुमची एखादी खोली कुणी सोडली असेल तर? ती म्हणाली, सर्व्हर सोडला तर कंपनी तोच पत्ता नव्या गिऱ्हाइकाला देते. आणि ठाण्याची ती कंपनी जास्त करून लॅबवाल्यांचीच कामं घ्यायची.

मालकांना बोलावून तिच्यासमोर बसवलं. ठाण्याचा सर्व्हर कुणी सोडला, एवढंच विचारलं. ते म्हणाले, मीच. ही म्हणायची ना, एक बंद पडला तर दुसरा सांभाळतो, म्हणून एकाचं भाडं वाचवायला त्यांनी फोन करून तो बंद करून टाकला, हिला न सांगता! दोन-चार दिवस दुसऱ्याने खरंच सांभाळलंही. मग तो पत्ता त्या दुसऱ्या लॅबला मिळाला, ‘चालू आहे’ असं उत्तर पुन्हा जाऊ लागलं आणि निम्मे पेशंट थेट तिकडे. सर्व्हरवाल्या कंपनीला फोन लावून मी खात्री करून घेतली. कुणीच काही चोरलं नव्हतं. हुश्श झालं मला, खरं सांगतो.

मुलीने तिथेच बसून डीएनएसमधून तो पत्ता काढून टाकला. मालकांनी तक्रार मागे घेतली आणि अगदी हळू आवाजात, चुकलं म्हणाले.

मी बाहेर येऊन वडिलांना सांगितलं, पोरीवर काही नाही, घेऊन जा, लग्न गाठा. त्यांनी हात जोडले, पण उठले नाहीत.

“साहेब, गाडी आली ते सगळ्या चाळीने बघितलं. सोडलं ते कोण बघणार?”

एवढ्या वर्षांच्या नोकरीत हे मला कुणी असं तोंडावर विचारलं नव्हतं. मी टोपी घातली, दोघांना त्याच गाडीत बसवलं आणि मोहन्याला गेलो. जितक्या लोकांदेखत माणूस उचलला, तितक्यांदेखत तो परत आणून सोडावा लागतो, हे त्या दिवशी शिकलो आणि पुढे जमेल तेव्हा पाळलं. त्यांच्या दारात खुर्ची टाकायला लावली आणि पोरीने आम्हाला मदत केली असं मोठ्याने सांगितलं. तिच्या आईने चहा आणला. मी दोन कप प्यायलो. दुसरा नको होता, पण समोरच्या गॅलरीत अजून माणसं येत होती.