भरलेली आणि पोकळ

उबवणी केंद्रात तिला सगळे दिवेवाली म्हणत. अंधाऱ्या खोलीत बसायचं, कोंबडीचं एकेक अंडं दिव्यासमोर धरायचं आणि निकाल द्यायचा. उजेड आरपार गेला की अंडं पोकळ, ते बाजूला. उजेड अडला की आत जीव धरलाय, ते परत उबेला. या कामात तिची उभी हयात गेली. साहेबसुद्धा तिच्या शब्दापुढे जायला धजत नसत, आणि याचा तिला गर्व होता. खोटं कशाला बोला?

निवृत्त होऊन घरी बसते न बसते तोच नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. तोंडातून फक्त "अं, अं" निघे. "अं" आलं की ती पाणी पाजायची, उशी सारखी करायची, मग तो गप्प व्हायचा. "यांच्या मनातलं मला न बोलता कळतं," असं ती शेजारणीला सांगायची.

पलंगासमोर त्याची माशांची टाकी होती. धडधाकट असताना छापखान्यातून आला की तो त्या टाकीपुढेच ठाण मांडून बसे. दिवेवालीला त्या टाकीचा भारी राग. सवतीचेसुद्धा एवढे लाड कुणी केले नसते! पण त्याच्या दुखण्यात दोन एंजल माशांची जोडी जमली आणि मादी एका रुंद पानावर अंडी घालू लागली. दर खेपेला आईबापच ती गिळून टाकत. रिकामं पान पाहून त्याच्या डोळ्यांत पाणी येई. डॉक्टरांनी आशा सोडली होती. जाण्याआधी याला पिल्लं दाखवायचीच, असं तिनं मनाशी ठरवलं.

या खेपेला तिनं अंड्यांसकट ते पान खुडलं, टाकीतलंच पाणी भरलेल्या बरणीत सोडलं, हवेची नळी लावली आणि बरणी त्याच्या उशाशी ठेवली. तो हसला. अर्ध्याच तोंडानं, पण हसला.

दुसऱ्या दिवशी तिनं बरणीमागे विजेरी धरली. जन्माची सवय, हात कसा गप्प बसेल? बरीचशी अंडी काचेसारखी स्वच्छ होती, उजेड आरपार जात होता. थोडी मात्र पांढरी, टच्च भरलेली.

"बघा, पोकळच जास्त निघाली," ती म्हणाली. "राहिली तर चांगल्यांनाही नासवतील." औषधाच्या ड्रॉपरनं ती एकेक स्वच्छ अंडं ओढून घेऊन मोरीत टाकू लागली.

"अं," नवरा म्हणाला.

"थांबा, देते पाणी."

"अं! अं!" त्याचा डावा हात गादीवर आपटत होता.

"एवढी तहान?" तिनं पाणी पाजलं. तो मुकाट्यानं प्याला. ती पुन्हा कामाला लागली. पुन्हा "अं" आलं, तशी तिनं उशी सारखी केली. मग त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. झोप लागली असेल, असं तिला वाटलं.

पुढे त्या पांढऱ्या अंड्यांवर कापसासारखी बुरशी चढली. बरणी पदराखाली धरून ती माशांच्या दुकानात गेली.

"काकू, ही फळलीच नव्हती," दुकानदार म्हणाला. "म्हणून तर पांढरी पडली. स्वच्छ दिसणारी कुठायत?"

"ती पोकळ होती. टाकली मी."

"अहो, जीव त्यांच्यातच असतो! काढायची ती पांढरी. काकांनी नाही सांगितलं? त्यांना तर सगळं पाठ आहे."

"सांगितलं," ती म्हणाली, आणि दुकानातून बाहेर पडली.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं ती आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवत आली होती. घरी येऊन ती पलंगाच्या कडेला बसली. "तुम्ही त्या दिवशी तेच सांगत होता ना?"

त्यानं हळूच डोळे मिटून उघडले.

तिला रडू कोसळलं, पण ते अंड्यांसाठी नव्हतं. झटका आल्यापासून अशी किती "अं" तिनं पाण्याबरोबर त्याच्या घशाखाली लोटली होती, कुणास ठाऊक. काय काय सांगायचं होतं त्याला?

"आता सांगा," ती म्हणाली. "पाणी नाही देत मी. विचारत जाईन एकेक. सांगा ना हो."

ती बराच वेळ वाट पाहत राहिली. त्यानं "अं" केलं नाही. शेवटी डावा हात उचलून त्यानं पाण्याच्या भांड्याकडे बोट दाखवलं.