हुबेहूबांची थरथर

आमच्या शेजारी विजेचे मीटर दुरुस्त करणारे एक गृहस्थ राहतात. सगळे त्यांना हुबेहूब म्हणतात. दिवसभर मीटर, आणि संध्याकाळी सिंथेसायझरवर एकच आवाज घडवणं: त्यांच्या तरुणपणी गाजलेल्या एका पॉप गाण्यातला, गायिकेच्याही आधी मन जिंकणारा. दोन सूर एकमेकांपासून केसभर वेगळे ठेवायचे, फिल्टरने धार बोथट करायची, आणि वर बारीक थरथर. त्या थरथरीवर सव्वीस वर्षं गेली. तेवढ्यात माणूस दोन मुलं वाढवतो. त्यांनीही वाढवली, पण लक्ष नव्हतं.

"जमलं का हो?" वहिनी आतून विचारायच्या.

"जवळजवळ."

"लग्नाआधीही हेच म्हणाला होतात!"

मग ती गायिकाच आमच्या गावात गायला येणार असं ठरलं. तिचा वादक आजारी पडला आणि हुबेहूबांना चाचणीचं बोलावणं आलं. वाद्य उचलायला मी सोबत गेलो. गडी नवा शर्ट घालून आला होता, कॉलरखालचा पुठ्ठाही काढायचा राहिलेला.

त्यांनी डोळे मिटून वाजवलं. बाईंनी डोळे मोठे केले.

"याला ताप आलाय का? केवढा थरथरतोय!"

"मूळ गाण्यातही थरथरतो, बाई. माझ्याकडे कॅसेट आहे."

"ऐकता कशावर?"

त्यांनी टेपरेकॉर्डरचं वय सांगितलं. बाई हसत सुटल्या. "अहो, पट्टा सैल झालाय त्याचा! आमचा आवाज काठीसारखा सरळ होता."

हुबेहूबांनी थरथरीचं बटण शून्यावर नेलं. एका क्षणात आवाज तंतोतंत जुळला.

"जागा तुमची," बाई म्हणाल्या. "फक्त हे धूड आणू नका. हा आवाज आमच्या कीबोर्डमध्ये भरलेलाच आहे. बोटं तेवढी घेऊन या."

ते बोटं घेऊन गेले. कार्यक्रम रंगला, टाळ्याही पडल्या. परतताना वहिनी म्हणाल्या, "सगळं छान झालं. पण तुमचं ते का नाही वाजवलंत?"

"वाजवलं की. सुरुवातीलाच."

"ते होय? मला वाटलं, दुसरंच कुणीतरी…" वहिनींनी जीभ चावली.

त्यानंतर आठवडाभर भिंतीपलीकडून काहीच ऐकू येईना. इतकी वर्षं त्या आवाजाला शिव्या घालणारा मी, शेवटी न राहवून गेलो. वाद्यावर चादर होती.

"बिघडलंय का?"

"नाही," हुबेहूब म्हणाले. "बरोबर झालंय."