इंग्लंडच्या वाटेवर हैदराबादला दिलेले ठसे

इंग्लंडला जाण्याचे मी ठरवले, त्याचे कारण केवळ मुलगी नव्हे. आमची वर्षा तिकडे परिचारिका आहे आणि तिने आम्हा उभयतांना बोलावले, हे खरे. परंतु माझे सारे आयुष्य आदिलाबादच्या एकाच चौकात, एकाच पानठेल्यावर गेले. समोर तीच कापसाची वाहने, तीच धूळ, संध्याकाळी तीच माणसे आणि त्यांचे तेच विषय. शिक्षण चौथीपर्यंत झाले असले, तरी जगाचा नकाशा मला पाठ आहे. तो एकदा पायांखाली यावा, एवढीच इच्छा.

व्हिसासाठी सर्व बोटांचे ठसे द्यावे लागतात आणि त्याकरिता स्वतः हैदराबादला जावे लागते, हे कळले तेव्हा माझी झोप उडाली. मी पानाला चुना बोटाने लावतो. किती लागला, हे बोटालाच समजते. त्या चुन्याने उजव्या हाताच्या रेषा खाऊन टाकल्या आहेत. रेशन दुकानातील यंत्र मला ओळखत नाही. आमचे धान्य सौ. सुमनच्या अंगठ्यावर येते.

म्हणून आधी काही दिवस ठेला बंद ठेवला आणि बोटांना साय चोळली.

"लग्नात हळद लावली नसन तेवढी साय लावून राह्यले," सुमन म्हणाली.

जाणाऱ्यांसाठी सूचना: एक्स्प्रेस बसमध्ये स्त्रियांना तिकीट लागत नाही, त्यामुळे बसण्यास जागाही नसते. मी सुपर लक्झरीची दोन तिकिटे काढली. फुकटचा प्रवास सोडल्याबद्दल नेरडीगोंडा येईपर्यंत मला ऐकावे लागले. पुढे निर्मलपर्यंत रस्ता झाडीतून जातो. तो पाहण्याजोगा आहे, असे म्हणतात. माझे लक्ष रुमालात गुंडाळलेल्या हाताकडे होते.

"आवो, पळून जाऊन राह्यले का बोटं?"

"यंत्राने नाकारले तर?"

"तं मी बी नाही जात. मले कोणता लंडन पाहाचा हाय!"

तिला खरोखरच जायचे नव्हते. लेक भेटली की तिला पुरे. जायचे होते मला. तिचा ठसा उमटणार होता, माझा नाही. कामारेड्डीजवळ बस जेवणासाठी थांबली. दहीभात चांगला मिळतो, चटणी जपून घ्यावी. मी चमच्याने जेवलो.

हैदराबादच्या व्हिसा केंद्रात थंडी फार असते, स्वेटर न्यावा. सुमनने काचेवर हात ठेवले आणि हिरवा दिवा लागला. माझा डावा हात रखडत का होईना, उमटला. उजव्या हाताला लाल दिवा. पुन्हा लाल. तिसऱ्यांदा मी बोटे काचेवर दाबून धरली.

"अंकल, जोर मत लगाओ. क्या काम करते आप?" तेथील मुलीने विचारले.

"पान का व्यवसाय है."

ती हसली नाही, याबद्दल मी तिचा आभारी आहे. तिने बोटे पुसून पुन्हा प्रयत्न केला आणि म्हणाली, "जितना आया, उतना भेज रही हूँ. शायद फिर बुलाएँगे. तब तक चूना मत छूना."

परतीच्या बसमध्ये सुमन झोपली. मी जागा होतो.

आता घरी आहोत. उत्तर आलेले नाही. ज्या चौकाला मी कंटाळलो होतो, त्याच चौकात बंद ठेल्यासमोर हात मांडीवर ठेवून बसतो. शेजारचा चहावाला रोज विचारतो, "काका, लंडन आलं का?" काम करताना हा चौक कंटाळवाणा होता; रिकाम्या हातांनी तो असह्य आहे. प्रवासातून आजपावेतो एवढेच हाती लागले आहे. आणखी एक गोष्ट लागली, ती काल.

वर्षाचा फोन आला. तिकिटे महाग होत आहेत, काढू का, असे तिने विचारले. मी पुष्कळ विचार केला होता. माझ्या बोटांपायी आईने लेकीस मुकू नये.

"आईचे तिकीट पक्के काढ," मी म्हणालो. "माझे मात्र रद्द करता येईल असे काढ."

सुमनने माझ्या हातातून फोन ओढून घेतला.

"वर्षा, आयक वं. दोघाईचं बी रद्द होईन असंच काढ."